मरळ श्वासाला वर येते

मे महिन्यात शिरूर तालुक्याच्या पूर्व भागात दुपार झाली की शिवारे ओस पडतात. निमोणे, शिंदोडी, गुनाट, चिंचणी, सगळीकडे तेच. पारा चाळिशीच्या पुढे, विहिरींनी तळ गाठलेला, शेळ्या वेड्या बाभळीच्या विरळ सावलीत एकमेकींना चिकटून उभ्या. पाऊस मुळातच बेताचा असलेला हा पट्टा. आणि त्याच्या कडेला घोड धरणाचा जलाशय. १९६५ साली चिंचणीजवळ हे मातीचे धरण पूर्ण झाले. घोड नदी येते ती आहुप्याच्या कड्यांवरून, जिथे पावसाळ्यात चार-चार महिने सूर्य दिसत नाही. निघोजच्या रांजणखळग्यांमधून आलेली कुकडी तिला मिळते, पुढे ती भीमेत जाते आणि सगळे पाणी उजनीला पोचते. म्हणजे निमोण्याचे माणूस उन्हाळ्यात जे पाणी पाहते तो सह्याद्रीवरचा पाऊसच असतो, इथे अडवून धरलेला.

कालव्याचे आवर्तन सुटत जाते तसे हे पाणी मागे सरकते. उघड्या पडलेल्या जमिनीवर लोक गाळपेर करतात. काठाचा चिखल वाळून भेगाळतो, एरवी बुडालेली बाभळीची खोडे काळी होऊन बाहेर डोकावतात. काठावर उभे राहिले तर पाणी निपचित पडलेले दिसते. पण त्याच्या आत, या घटकेला, प्रत्येक मासा एकच हिशेब मांडतो आहे: पुढचा श्वास कुठून घ्यायचा?

हा हिशेब समजला की उन्हाळ्यातली मासेमारी उलगडते. माझ्या मते तिच्याइतके रंजक निसर्गाचे पुस्तक या कोरड्या मुलखात दुसरे नाही.

आधी हवा आणि पाणी यांची तुलना करू. आपण ज्या हवेत जगतो तिच्या एका लिटरमध्ये साधारण २७० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर गोड्या पाण्यात, त्यात मावेल तेवढा पुरेपूर विरघळलेला असला तरी, तो फक्त ९ मिलिग्रॅम. तीसपट कमी. त्यातून पाणी हवेच्या आठशेपट जड, त्यामुळे ते कल्ल्यांवरून ढकलत राहणे हेच मोठे कष्टाचे काम. हिवाळ्यातसुद्धा मासा आपल्या मानाने फार गरिबीत श्वास घेत असतो. आता ते पाणी तापवा. ३० अंशांवर त्यात मावणारा ऑक्सिजन साडेसात मिलिग्रॅमवर येतो, ३५ अंशांवर सातच्याही खाली.

एवढ्याने भागले असते तरी ठीक होते. पण मासा थंड रक्ताचा प्राणी. पाणी तापले की त्याचे शरीरही तापते आणि शरीरातला सगळा कारभार वेगाने चालू लागतो. तापमान १० अंशांनी वाढले की त्याची ऑक्सिजनची गरज ढोबळमानाने दुप्पट ते तिप्पट होते. मिळकत घटलेली आणि खर्च दुपटीवर गेलेला, अशा कात्रीत उन्हाळा माशाला धरतो.

यात दिवस-रात्रीचा खेळ आणखी मिसळतो. धरणाच्या काठाचे पाणी उन्हाळ्यात हिरवे होते, कारण त्यात सूक्ष्म शेवाळ वाढलेले असते. हे शेवाळ दिवसभर उन्हात ऑक्सिजन सोडते. सूर्य मावळला की ते कारखाना बंद करते, पण त्याचे स्वतःचे श्वसन चालूच राहते. रात्रभर शेवाळ, जिवाणू, किडे, मासे सगळे मिळून पाण्यातला साठा खात बसतात. त्यामुळे साचलेल्या हिरव्या पाण्यात ऑक्सिजनची सर्वांत मोठी टंचाई असते ती भर दुपारी नाही, तर सूर्य उगवण्याच्या थोडे आधी. आपल्याला जी वेळ सर्वांत सुखाची वाटते, गार वारा, कोवळा उजेड, तीच पाण्याखाली सर्वांत गुदमरलेली. पहाटे काठाजवळ चिलापीची पिल्ले आणि बारीक मासळी तोंडे वर काढून पाण्याचा अगदी वरचा पापुद्रा पिताना दिसतात. ती हवा पीत नसतात. हवेला टेकलेल्या त्या पातळ थरात थोडा जास्त ऑक्सिजन विरघळलेला असतो, तेवढ्यावर रात्र काढायची असते. बगळ्यांना हे पक्के ठाऊक असते. उजाडायच्या आत ते काठावर हजर होतात.

खोल पाण्याची गोष्ट वेगळी. ऊन वरचा थर तापवते, तापलेले पाणी हलके होते आणि खालच्या गार, जड पाण्यावर तरंगत राहते. दोन्ही थर एकमेकांत मिसळायला तयार नसतात. यातली एक बाब मला फार विलक्षण वाटते. पाणी ४ अंशांवरून ५ अंशांवर गेले तर त्याच्या घनतेत जवळजवळ काहीच फरक पडत नाही. तेच २९ वरून ३० वर गेले तर पडणारा फरक पहिल्याच्या पस्तीसपटीहून अधिक असतो. थंड देशातल्या तळ्यात थर वेगळे राहायला तापमानात मोठे अंतर लागते. आपल्या उष्ण पाण्यात दोन-तीन अंशांचा फरकही पुरतो. वारा पडलेला असला की वरचे ऊन पाणी झाकणासारखे बसते. खाली हवेतला ऑक्सिजन पोचत नाही, उजेड नसल्याने शेवाळही तो तयार करत नाही, आणि कुजणारा पालापाचोळा होता तेवढा संपवून टाकतो. गार पाणी खाली आहे म्हणून मासा तिथे गेला तर गुदमरतो. वर आला तर भाजतो. संध्याकाळी वारा सुटला, लाटा उठल्या की हे झाकण थोडे हलते आणि मासे मोकळे होतात. निमोण्याकडचा तो संध्याकाळचा कोरडा, धुळीचा वारा माणसाला नकोसा वाटतो. माशांसाठी तो जीवदान असतो.

अमेरिकेत बास नावाचा मासा आहे. मोठ्या तोंडाचा, हिरवट, झाडोऱ्यात दबा धरून बसणारा शिकारी. तिथल्या लोकांनी त्याच्या मागे आयुष्ये घालवली आहेत. जेम्स हेन्शल नावाच्या डॉक्टरने १८८१ साली त्याच्यावर अख्खे पुस्तक लिहिले आणि ट्राउटच्या बरोबरीने या माशाला मान मिळाला पाहिजे, असे हिरीरीने मांडले. बास ऊबदार पाण्यातला मासा, त्याला २७-२८ अंश छान मानवतात. पण ऊन त्याहून चढले की तोही वर सांगितलेल्या कात्रीत सापडतो. मग तो सावली शोधतो, झाडोऱ्याच्या दाट छपराखाली शिरतो, किंवा ऑक्सिजन जिथे संपतो त्या थराच्या नेमका वर जाऊन थांबतो. भर दुपारी तो आमिषाकडे ढुंकून पाहत नाही. म्हणून तिथले गळवाले उन्हाळ्यात पहाटे, सांजेला आणि रात्री जातात. पिसे आणि हरणाचे केस गळाला बांधून केलेली माशी ते पाण्याच्या पृष्ठावर टाकतात. त्यांच्या उन्हाळ्याचा सार एवढाच, की उष्णता मासा लपवते.

घोडच्या पाण्यात बास नाही. त्याच जागेवर, त्याच कामावर, त्याच दबा धरण्याच्या सवयीने बसलेली आहे ती मरळ. आणि मरळीचा हिशेब नेमका उलटा आहे. उष्णता तिला लपवत नाही, उघडी पाडते.

कारण मरळ हवा पिते.

तिचे डोके सापासारखे चपटे, त्यावर मोठाले खवले. अंग लांब, गोल, काळसर. नदीतल्या मोठ्या मरळीच्या शेपटीच्या बुडाशी काळा ठिपका, त्याला नारिंगी कडे. मीटरभर लांबीच्या मरळी नोंदल्या गेल्या आहेत. पण तिचे खरे नवल डोक्याच्या आत आहे. कल्ल्यांच्या वर, कवटीच्या दोन्ही बाजूंना, तिला दोन पोकळ्या असतात. आत रक्तवाहिन्यांनी भरलेल्या त्वचेच्या घड्या. मरळ पाण्याच्या पृष्ठावर येते, जुनी हवा सोडते, तोंडाने नवी हवा घेते आणि त्या पोकळ्यांत साठवून खाली जाते. आपल्या फुप्फुसांशी या अवयवाचे कूळ जुळत नाही, काम मात्र जुळते. हवा पिण्याची ही सोय तिच्यासाठी आता आणीबाणीपुरती राहिलेली नाही. मोठ्या मरळीचे कल्ले तिचा सगळा भार उचलू शकत नाहीत. तिला पृष्ठावर येऊच दिले नाही, जाळ्यात पाण्याखाली अडकवून ठेवले, तर ती पाण्यात बुडून मरते. मासा, आणि बुडून मरतो!

म्हणूनच बाजारात मरळ जिवंत मिळते. टबात ओंजळभर पाणी असले तरी ती तासन् तास तग धरते. तळे आटले तर तिची काही भावंडे चिखलात शिरून ओलाव्यावर दिवस काढतात. पण धरणाच्या काठावर बसलेल्या माणसासाठी महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. पाणी तापले, त्यातला ऑक्सिजन घटला, शरीराची मागणी वाढली की मरळीला हवेसाठी जास्त वेळा वर यावे लागते. हिवाळ्यात जी बराच वेळ पत्ता लागू देत नाही ती मे महिन्यात पुन्हा पुन्हा आपली जागा सांगत राहते. कटला, रोहू दिसत नाहीत, चिलापी काठाला धापा टाकते आहे, आणि मधेच लव्हाळ्याच्या कडेला एक जाड, ओला आवाज येतो. गोल लाट उठते, पाठोपाठ दोन-चार बुडबुडे. मरळ श्वास घेऊन गेली.

पाण्यावर गळ टाकण्याच्या साऱ्या कलेत यापेक्षा सरळ खूण मला माहीत नाही. बाकी माशांच्या बाबतीत माणूस अंदाज बांधतो. मरळीच्या बाबतीत शांत बसून ऐकतो.

या भागातल्या माणसांनी हे शेकडो वर्षांपूर्वी ओळखले होते यात शंका नाही. भोई आणि कोळी समाजाच्या लोकांकडे नदीचे जे ज्ञान होते ते किती बारकाईचे होते याचा एक पुरावा विज्ञानात कायमचा कोरला गेला आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतला कर्नल विल्यम हेन्री साइक्स १८२० च्या दशकात मुंबई सरकारसाठी दख्खनची माहिती गोळा करत फिरत होता. पिके, पाऊस, जनावरे, पक्षी, सगळे टिपत गेला. इथल्या नद्यांतले मासेही त्याने गोळा केले आणि १८३९ मध्ये दख्खनच्या माशांवरचा त्याचा निबंध प्रसिद्ध झाला. अनेक माशांना शास्त्रीय नाव देताना त्याने इथल्या मासेमारांच्या तोंडची नावे जशीच्या तशी उचलली. पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेतून मिळालेल्या महासिराचे नाव आजही जगभर खुद्री आहे, दुसऱ्या एकाचे कोलस. मरळीचेही त्याने वर्णन केले, अंगावरच्या पांढऱ्या ठिपक्यांवरून तिला लॅटिन नावही दिले. पण तोच मासा फ्रान्सिस बुकानन-हॅमिल्टनने गंगेच्या खोऱ्यातून १८२२ मध्येच नोंदवून ठेवला होता, त्यामुळे साइक्सचे नाव मागे पडले. शास्त्रात आज मरळ चन्ना मारुलियस आहे.

आता माशीचा गळ. इथे मरळीसाठी रूढ पद्धत म्हणजे बांबूची काठी, तंगूस, मोठा गळ आणि त्याला लावलेला जिवंत बेडूक. अलीकडे शहरांतून येणारी तरुण मुले रबरी बेडूक घेऊन येतात. फ्लाय रॉड, म्हणजे माशी टाकायची काठी, घेऊन मरळीमागे जाणारे फार थोडे. पण मला ही पद्धत मरळीसाठीच जन्मली असावी असे वाटते, आणि त्याचे कारण तिच्या यंत्रणेत आहे.

साध्या काठीने आपण फेकतो ते वजन: शिसे, आमिष, रबरी बेडूक. ते वजन हवेतून जाते आणि आपल्यामागे दोरा ओढत नेते. फ्लाय फिशिंगमध्ये हे सारे उलटे होते. टोकाला बांधलेल्या माशीला वजनच नसते, पिसाला काय वजन असणार? वजन असते दोरात. जाड, लेपाचा दोर. मरळीसारख्या माशासाठी वापरतात त्या आठ क्रमांकाच्या दोराचा पहिला तीस फुटांचा तुकडा साधारण साडेतेरा ग्रॅम भरतो. नऊ फुटांची लवचिक काठी तो दोर मागे फेकते, तो पाठीमागे हवेत सरळ पसरेपर्यंत क्षणभर थांबते आणि मग पुढे झेप घेते. दोरात एक अरुंद वळण तयार होते आणि ते वळण हवेतून पुढे पुढे उलगडत जाते. दोराचा हलणारा भाग उलगडताना कमी कमी होत जातो, हातातून मिळालेली शक्ती मात्र तेवढ्याच उरलेल्या तुकड्यात साठत जाते, म्हणून टोक वेगाने पलटते. शेवटी पारदर्शक तंगूस सरळ होतो आणि माशी जवळजवळ आवाज न करता पाण्यावर उतरते. दुसऱ्या-तिसऱ्या शतकात इलियन नावाच्या रोमन लेखकाने मॅसिडोनियातल्या मासेमारांचे वर्णन केले आहे. ते गळाला लाल लोकर गुंडाळून कोंबड्याच्या गळ्याखालची दोन पिसे बांधत. तंत्र तेव्हापासून चालत आले आहे.

मरळीसाठी जी माशी बांधतात ती दिसायला बेडकासारखी. हरणाचे केस आतून पोकळ असतात, त्यांत हवा अडकलेली असते, म्हणून ते दाबून बांधले की तरंगतात. आपल्याकडे हरणाचे केस मिळवणे म्हणजे गुन्हा, आणि त्याची गरजही नाही. फोमचा तुकडा आणि कोंबड्याच्या मानेवरची पिसे पुरतात. गळाच्या टोकासमोर जाड नायलॉनचा एक फास बांधतात, त्यामुळे ती लव्हाळ्यातून, पाणवनस्पतीच्या पानांवरून न अडकता सरकते. पानावरून घसरून पाण्यात पडणारी ही हलकी वस्तू, रबरी बेडकासारखी धप्पकन न आदळणारी, निपचित पाण्यात बिचकलेल्या मरळीला खऱ्या जिवासारखी वाटते.

मरळ तिच्याकडे झेपावते ती डोळ्यांवर आणि अंगाच्या कडेने जाणाऱ्या संवेदी रेषेवर विसंबून. ही रेषा माशाला पाण्यातली बारीकशी हालचालही जाणवून देते. गढूळ पाण्यातही माशीची एखादी हलकी थरथर तिला पुरते. आणि ती वर पाहते तेव्हा तिला जे दिसते ते आपल्याला कल्पनेत आणणे अवघड आहे. पाण्याखालून आकाश एका गोल खिडकीतून दिसते. प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो, त्यामुळे वरचे सगळे जग, क्षितिजापासून क्षितिजापर्यंत, साधारण ९७ अंशांच्या एका शंकूत दाबून भरले जाते. मासा एक मीटर खोल असेल तर ही खिडकी सव्वादोन मीटर रुंद. तिच्या बाहेर पाण्याचा पृष्ठभाग आरसा होतो आणि त्यात तळाचे प्रतिबिंब दिसते. काठावरचा माणूस या खिडकीच्या अगदी कडेला, दाबून चपटा झालेला दिसतो. तो वाकून, खाली बसून राहिला तर त्या दाबलेल्या पट्टीत जवळजवळ विरून जातो. ताठ उभा राहिला, हात हलवले, की दिसला. म्हणून जुने गळवाले काठाला उकिडवे बसतात, आणि पांढरा सदरा घालून येणाऱ्याला ओरडतात.

माणसाच्या बाजूनेही एक अडचण आहे. पाण्याची चकाकी. ऊन पाण्यावरून परावर्तित होताना बऱ्याच अंशी एका पातळीत कंप पावू लागते. पाण्याशी साधारण ३७ अंशांच्या कोनात पाहिले तर हे सर्वाधिक घडते. पोलराइज्ड चष्मा नेमका तोच प्रकाश अडवतो आणि चकाकीखालचे पाणी उघडे होते. असा चष्मा लावून शिंदोडीच्या बाजूच्या उथळ पाण्याकडे पहिल्यांदा पाहणाऱ्याला बुडालेल्या बाभळींच्या फांद्यांमधून काळ्या सावल्या सरकताना दिसतात. तिथे मासा आहे हे कळणे वेगळे आणि त्याला श्वासासाठी वर निघताना पाहणे वेगळे.

मरळ माशी घेते तेव्हा पाणी फुटते. तो आवाज ऐकून काठी वर उचलावीशी वाटते, आणि तिथेच मासा सुटतो. मरळीचे तोंड हाडाचे, दातांनी भरलेले, गळ वरून ओढला तर निसटतो. काठीचे टोक पाण्याकडेच ठेवायचे, क्षणभर दम धरायचा आणि मोकळ्या हाताने दोर सरळ मागे खेचायचा. मग ती झाडोऱ्यात शिरण्याआधी तिला बाहेर आणणे. यात फार चतुराई नसते, दोन्ही बाजूंनी जोर असतो.

बास आणि मरळ आपापल्या खंडात एकाच जागेचे धनी, असे मी म्हणालो. २००० साली ही दोन्ही कुळे एकाच पाण्यात भेटली. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात टॅमरॅक गावाच्या कालव्यांत आशियातली एक मोठी मरळ सापडली. सुरुवातीला सगळ्यांनी तिला आपली चन्ना मारुलियस समजले. २०१८ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की ती मरळीची म्यानमारकडची सख्खी बहीण, चन्ना ऑरोलिनिएटा आहे. तिथे तिने घर केले. बाहेरचा मासा नव्या पाण्यात शिरला की तिथल्या जिवांचे काय होईल ही भीती रास्तच होती. २००२ मध्येच अमेरिकेने या कुळातले जिवंत मासे आयात करण्यावर बंदी घातली होती. पण बाससाठी कालव्यांवर जाणाऱ्या गळवाल्यांना लवकरच कळले की त्यांच्याच काठीला, त्यांच्याच नकली बेडकाला ही नवी पाहुणीही लागते. फ्लोरिडाच्या दमट उन्हाळ्यात बास सावलीत दडलेला असताना तीच श्वासासाठी वर येते आणि आपला पत्ता सांगते.

घोडकाठी एवढे सांगायला हवे की धरणातल्या मासेमारीचे हक्क मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. गळ टाकण्याआधी तिथल्या लोकांना विचारावे. जी माणसे वर्षभर या पाण्यावर जगतात त्यांच्याकडून जे शिकायला मिळते ते कुठल्याही दुकानातल्या सामानापेक्षा मोलाचे आहे. आणि दुसरे, भर उन्हात पकडलेला मासा सोडायचा असेल तर तो दमलेला असतो हे लक्षात ठेवावे. झुंजीत त्याच्या स्नायूंत आम्ल साठलेले असते, ते निचरायला ऑक्सिजन लागतो, आणि तोच नाही. मरळ हवा पिणारी असली तरी तिला सरळ धरून पाण्यात ठेवावे लागते, ती स्वतःच्या बळावर पृष्ठावर येऊ शकेल याची खात्री होईपर्यंत. हात ओले ठेवावेत, नाहीतर अंगावरचा चिकट लेप निघतो आणि त्वचा उघडी पडते. तापलेल्या खडकावर तिला ठेवून फोटो काढणे तर अजिबात नको.

उन्हाळ्यात नदी आटते तेव्हा तिचे जीव डोहांत गोळा होतात. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांनी हे डोह देवाचे मानून राखले. महाडजवळ वाळणकोंडीत वरदायिनीच्या देवळापाशी महासीर अशाच राखलेल्या पाण्यात फिरतात, त्यांना कोणी हात लावत नाही. एका डोहातले मासे वाचले की पहिल्या पावसात त्यांच्यापासून सगळी नदी पुन्हा भरते. सह्याद्रीकडे पाऊस पडतो, गढूळ पाण्याचा लोंढा येतो, आणि चढणीचे मासे प्रवाहाविरुद्ध वर धावू लागतात. लोंढ्याच्या पाण्यात ऑक्सिजन भरपूर असतो, थर मोडलेले असतात, महिनाभराची धाप एका रात्रीत संपते.

मरळ मात्र कुठे धावत नाही. पावसाच्या तोंडाशी नर-मादी काठाच्या झाडोऱ्यात एक गोल जागा साफ करतात. अंड्यांत तेलाचा थेंब असतो म्हणून ती तरंगतात आणि या जागेत वरच पसरून राहतात. रोहूची मादी लाखांनी अंडी घालते आणि निघून जाते. मरळ काही हजार घालते आणि दोघे आईबाप पहारा देतात. पिल्ले बाहेर आली की त्यांचा तांबडा-नारिंगी थवा पाण्यात दिसू लागतो, हलणारा, आकार बदलणारा, आणि त्याच्या खाली आई किंवा बाप. नवजात पिल्लांना हवा पिता येत नाही. डोक्यातल्या त्या पोकळ्या तयार व्हायला काही आठवडे लागतात, तोवर ती कल्ल्यांवर आणि त्वचेवर भागवतात. मग एके दिवशी तो सगळा थवा पृष्ठावर येऊन बुडबुडायला लागतो, आणि त्या दिवसापासून त्यांना आयुष्यभर वर यावेच लागते.

गळवाल्याला हा लाल थवा फार सोपा असतो. त्यात बेडूक टाकला की आई भूक असो वा नसो, तो हटवायला झेपावते. तिला उचलले की घटकाभरात चिलापी, शिंगाडे आणि पाणकावळे थवा फस्त करतात, एका माशाच्या बदल्यात एक पिढी जाते. म्हणून मरळीमागे जायचे ते उन्हाळ्यात, फेब्रुवारीच्या शेवटापासून वळवाचा पाऊस होईपर्यंत, जेव्हा ती फक्त स्वतःच्या श्वासासाठी वर येते. जूनमध्ये लाल थवा दिसला की दोर गुंडाळावा, चष्मा डोळ्यावर ठेवावा आणि काठावर बसून पाहत राहावे.